मेलबर्नच्या प्रदर्शनगृहाचे भाडेकरू

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील बहुतेक मोठ्या शहरांना आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवण्याचे वेड लागले होते. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनाने आणि त्यासाठी काच व लोखंड यांतून उभारलेल्या ‘क्रिस्टल पॅलेस’ या वास्तूने ही प्रथा रूढ केली, आणि त्यानंतर पॅरिस, व्हिएन्ना, फिलाडेल्फिया ही शहरे एकामागून एक या चढाओढीत उतरली. यंत्रे, कापड, धान्य, मद्य, चित्रे, वाद्ये आणि वसाहतींमधून आणलेला कच्चा माल एका छताखाली मांडायचा, परीक्षक नेमून देशोदेशीच्या मालाला पदके वाटायची आणि सहा महिन्यांत सारा पसारा आवरायचा, असे या प्रदर्शनांचे स्वरूप असे. माल आपापल्या देशी परत जाई, पाहुणे पांगत, आणि यजमान शहराच्या गळ्यात एक अवाढव्य रिकामी इमारत उरे. तिचे पुढे काय करायचे, याचा विचार प्रदर्शनाच्या धामधुमीत सहसा कोणी केलेला नसे.

बहुतेक ठिकाणी हा प्रश्न काळानेच सोडवला. क्रिस्टल पॅलेस हाइड पार्कमधून उचलून लंडनच्या दक्षिणेकडील सिडनहॅम येथे नव्याने उभारला गेला आणि १९३६ च्या नोव्हेंबरात आगीत भस्मसात झाला. सिडनीने १८७९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला ‘गार्डन पॅलेस’ अवघ्या तीन वर्षांनी, १८८२ च्या सप्टेंबरात, जळून गेला आणि त्यात ठेवलेले १८८१ च्या जनगणनेचे कागदही त्याच्याबरोबर नष्ट झाले. इतर अनेक इमारती मुळातच तात्पुरत्या होत्या, त्या पाडल्या गेल्या. मेलबर्न शहरातील कार्लटन उद्यानात १८८० साली उघडलेले प्रदर्शनगृह मात्र आजही आपल्या जागी उभे आहे आणि आजही त्यात प्रदर्शने भरतात. ‘रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू तिच्या सौंदर्यामुळे किंवा नागरिकांच्या जिव्हाळ्यामुळे वाचली, असे समजणे सोयीचे असले तरी तिचा इतिहास वेगळेच काही सांगतो. तिला जगवले ते तिच्या भाडेकरूंनी, आणि त्यांतील कित्येक तिला न शोभणारे होते.

मेलबर्न ही त्या काळी व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीची राजधानी होती. १८५१ मध्ये या वसाहतीत सोने सापडले, जगभरातून माणसांचे लोंढे आले आणि पुढील तीस वर्षांत एका बंदराच्या गावाचे पावणेतीन लाखांहून अधिक वस्तीचे श्रीमंत शहर झाले. हाती पैसा आलेल्या या शहराला जगापुढे मिरवण्याची घाई होती. प्रदर्शनगृहासाठी घेतलेल्या स्पर्धेत जोसेफ रीड या वास्तुविशारदाच्या संस्थेचा आराखडा निवडला गेला. शहराचे नगरभवन आणि सार्वजनिक ग्रंथालय त्यापूर्वी त्यानेच उभारलेले होते. बांधकामाचा ठेका डेव्हिड मिचेल या कंत्राटदाराकडे गेला, ज्याची मुलगी पुढे नेली मेल्बा या नावाने जगप्रसिद्ध गायिका झाली. १९ फेब्रुवारी १८७९ रोजी कोनशिला बसली आणि १ ऑक्टोबर १८८० रोजी, म्हणजे वीस महिन्यांच्या आत, प्रदर्शनाचे उद्घाटनही झाले.

लंडनच्या नमुन्याप्रमाणे केवळ काच आणि लोखंड न वापरता रीडने वीट, लाकूड, पोलाद आणि पाटीचा दगड यांचा आधार घेतला. बाहेरून गिलावा केलेल्या भिंती, अर्धवर्तुळाकार कमानींच्या रांगा आणि मध्यभागी अष्टकोनी घुमट अशी तिची ठेवण आहे. घुमटाचे मूळ फ्लॉरेन्सच्या महामंदिरावर ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकात उभारलेल्या घुमटात शोधले जाते. सुमारे ६८ मीटर उंचीच्या या घुमटाखाली, म्हणजे ज्या कंठासारख्या भागावर तो बसवलेला असतो त्या ग्रीवेच्या भोवती, लोकांना फिरता येईल असा सज्जा ठेवलेला होता, आणि शहर पाहण्याची ती त्या काळची सर्वांत उंच सार्वजनिक जागांपैकी एक होती. आत शिरले की क्रुसाच्या आकाराची मांडणी दिसते: दीडशे मीटरहून लांब असे मुख्य दालन, त्याला मध्यावर छेदणारे आडवे दालन, दोन्ही बाजूंना लाकडी खांबांवर तोललेले वरचे सज्जे, आणि छताच्या जवळ खिडक्यांची सलग रांग, जिच्यातून दिवसभर उजेड खाली उतरतो. मालाची मांडणी दरवेळी बदलणार असल्याने मधे भिंती घालण्याचे कारण नव्हते. १२ हजार चौरस मीटरांहून अधिक क्षेत्राचे हे सभागृह त्यामुळे अखंड आणि मोकळे राहिले. मंदिरासारखी भव्यता आणि गोदामासारखी मोकळीक या दोन्ही गोष्टी एका इमारतीत आल्या, आणि पुढची सगळी कहाणी या जोडीतून घडली.

१८८०-८१ च्या प्रदर्शनाला १३ लाखांहून अधिक लोक आले, आणि शहराची वस्ती लक्षात घेता हा आकडा थक्क करणारा आहे. भारताच्या दृष्टीने या प्रदर्शनाला एक निश्चित व्यापारी महत्त्व होते. ऑस्ट्रेलियात तोवर प्रामुख्याने चिनी चहा प्यायला जाई. कलकत्त्याच्या चहा-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आसाम आणि बंगालचा चहा मेलबर्नला नेला आणि तेथे त्याच्यासाठी बाजारपेठ तयार करण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. संबंध उलट दिशेनेही जुळला. ऑस्ट्रेलियातील प्रदर्शनांचा व्यवसाय करणारा जूल्स जूबेर हा मूळचा फ्रेंच गृहस्थ पुढे कलकत्त्यास आला आणि १८८३-८४ चे कलकत्ता आंतरराष्ट्रीय प्रदर्शन त्यानेच उभे केले. मुंबईकरांनाही या परंपरेचा वारसा अनोळखी नाही, कारण भायखळ्याच्या राणीच्या बागेतील आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाचा मूळ संग्रह पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी जमवलेल्या वस्तूंमधूनच सुरू झाला होता.

सिडनी येथे ब्रिटिशांची पहिली वसाहत स्थापन झाल्याला शंभर वर्षे झाली म्हणून १८८८ मध्ये मेलबर्नने दुसरे प्रदर्शन भरवले. शताब्दी सिडनीची आणि सोहळा मेलबर्नचा, यात दोन्ही शहरांमधील जुन्या स्पर्धेचा भाग किती होता, हे वेगळे सांगायला नको. या खेपेला विजेचे दिवे लावलेले असल्याने प्रदर्शन रात्रीही चालू राही. लंडनहून फ्रेडरिक कोवेन या संगीत-संचालकाला सहा महिन्यांसाठी ५,००० पौंड मानधन देऊन बोलावण्यात आले आणि त्याच्या वाद्यवृंदाने घुमटाखाली नित्यनेमाने कार्यक्रम केले. सुमारे २० लाख लोक येऊन गेले, पण जमाखर्चाचा मेळ बसला नाही आणि वसाहतीच्या तिजोरीला दोन लाख पौंडांहून अधिक खोट आली. पुढच्याच काही वर्षांत जमिनींच्या सट्ट्याचा फुगा फुटला, १८९३ मध्ये बँका बुडाल्या आणि मेलबर्नचे सुवर्णयुग संपले. तिसऱ्या महाप्रदर्शनाचे नाव काढण्याचीही कोणाची तयारी राहिली नाही.

इमारत सांभाळण्यासाठी विश्वस्त मंडळ नेमलेले होते. देखभालीचा खर्च भागेल इतका पैसा सरकारकडून मिळत नसे, त्यामुळे जागा भाड्याने देऊन उत्पन्न उभे करणे विश्वस्तांना भाग होते. पहिल्या प्रदर्शनानंतर चार वर्षांनी, १८८५ मध्ये, पूर्वेकडील जोडइमारतीत मत्स्यालय सुरू झाले, ज्यात माशांबरोबर सीलही ठेवलेले असत, आणि ते १९५३ साली आग लागेपर्यंत चालू राहिले. मागच्या मैदानात सायकल-शर्यतींचा मार्ग झाला. मुख्य सभागृहात मैफिली, नाच, जत्रा, धर्मसभा, प्राण्यांची प्रदर्शने असे जे मिळेल ते चालत असे. प्रतिष्ठितांना हा सारा प्रकार खालावलेला वाटणे स्वाभाविक होते. मात्र मत्स्यालयाच्या तिकिटांचे पैसे छपराच्या डागडुजीला उपयोगी पडत होते, ही बाब त्यांच्या हिशेबात सहसा येत नसे.

या वास्तूच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला दिवस ९ मे १९०१ हा होय. ऑस्ट्रेलियातील सहा ब्रिटिश वसाहती १ जानेवारी १९०१ रोजी एका संघराज्यात विलीन झाल्या होत्या. या नव्या देशाला राजधानी नव्हती, आणि ती बांधून होईपर्यंत संसदेने मेलबर्नमध्ये बसावे असे ठरले होते. पहिल्या संसदेच्या उद्घाटनाला सुमारे १२ हजार निमंत्रित बसतील अशी एकच जागा शहरात होती. त्या निमित्ताने जॉन रॉस अँडरसन या सजावटकाराकडून संपूर्ण अंतर्भाग नव्याने रंगवून घेण्यात आला. आज दिसणारी घुमटाखालची भित्तिचित्रे आणि गडद रंगांची नक्षी त्याच योजनेची आहे.

राणी व्हिक्टोरिया त्याच वर्षी २२ जानेवारीला निवर्तली असल्याने राजसुतक पाळले जात होते, आणि निमंत्रितांनी काळा, पांढरा, करडा किंवा जांभळा पोशाख करावा असा दंडक होता. राजाचा मुलगा ड्यूक ऑफ कॉर्नवॉल अँड यॉर्क, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, याने संसद खुली केली. टॉम रॉबर्ट्स या चित्रकाराला या प्रसंगाचे चित्र काढण्याचे काम मिळाले आणि त्यासाठी त्याने अडीचशेहून अधिक व्यक्तींच्या मुद्रा स्वतंत्रपणे अभ्यासून त्या एका पटावर आणल्या. काळ्या वस्त्रांतील त्या अफाट समुदायावर वरच्या खिडक्यांमधून पडलेला उन्हाचा तिरपा झोत हे त्या चित्राचे खरे केंद्र आहे. चित्र काढताना रॉबर्ट्स कंटाळून गेला आणि त्याच्या कलाजीवनाला हे काम मारक ठरले, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे, परंतु इमारतीची उजेडाची व्यवस्था कशी आहे हे समजून घ्यायचे तर या चित्राइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

त्याच वर्षी नव्या राष्ट्रध्वजासाठी खुली स्पर्धा घेण्यात आली, जिला ३२,८२३ नमुने आले. ते या सभागृहात मांडण्यात आले, त्यांतून जवळपास सारख्याच रचनांचे पाच स्पर्धक विजयी ठरले, आणि ३ सप्टेंबर १९०१ रोजी घुमटावर ११ मीटर लांब व साडेपाच मीटर रुंद ध्वज प्रथम फडकला. लोकशाहीच्या या उत्सवाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. या सभागृहात उद्घाटन झालेल्या संसदेने वर्ष संपण्याच्या आत स्थलांतर-निर्बंध कायदा संमत केला, ज्यान्वये येणाऱ्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा मजकूर ऐकून लिहायला सांगता येई. भाषा कोणती ते अधिकारी ठरवत असल्याने नको असलेल्या माणसाला नापास करणे त्याच्या हातचा मळ होता. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाचे दरवाजे अशा रीतीने बंद झाले, आणि हे धोरण पूर्णपणे मोडीत निघायला १९७३ साल उजाडावे लागले.

उद्घाटनाचा सोहळा आटोपल्यावर संघराज्याची संसद शहरातील जुन्या संसदभवनात गेली. तिला जागा करून देण्यासाठी व्हिक्टोरिया प्रांताच्या विधिमंडळाला तेथून निघावे लागले आणि ते प्रदर्शनगृहाच्या पश्चिमेकडील जोडइमारतीत येऊन बसले. ही तात्पुरती सोय १९२७ मध्ये कॅनबेराला राजधानी हलेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, चालली. एका बाजूला मत्स्यालय आणि दुसऱ्या बाजूला विधिमंडळ अशी स्थिती जगात अन्यत्र क्वचितच असेल, आणि त्यावर विनोद करायची संधी तत्कालीन मेलबर्नकरांनी वाया घालवली असेल असे वाटत नाही.

१९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने या इमारतीला सर्वस्वी वेगळे काम दिले. मुंबईत ही साथ जून १९१८ मध्येच येऊन थडकली होती. ऑस्ट्रेलियाने मात्र बंदरांवर कडक विलगीकरण, म्हणजे बाहेरून आलेल्या जहाजांना आणि प्रवाशांना ठरावीक काळ वेगळे ठेवण्याची व्यवस्था, लागू करून तिला काही महिने रोखून धरले. जानेवारी १९१९ मध्ये मेलबर्नमध्ये रुग्ण आढळू लागताच शहरातील रुग्णालये अपुरी पडली, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रदर्शनगृहाचे आपत्कालीन रुग्णालय झाले. पुढील काही महिन्यांत तेथे ४ हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. उंच छत आणि मोकळी हवा हे हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णांना ठेवण्यासाठी फायद्याचे होते. तेच छत आणि तीच लांबी मेलबर्नच्या हिवाळ्यात दालने उबदार ठेवण्याच्या आड येत असणार, हेही उघड आहे. ज्या जागेत कोणत्याही मालाची मांडणी करता येते, त्या जागेत खाटांच्या रांगाही लावता येतात, हे प्रशासनाला येथे प्रथमच कळले, आणि पुढे अशा प्रसंगी नजर आपोआप या इमारतीकडे वळू लागली.

पहिल्या महायुद्धातील वस्तूंचा संग्रह १९२२ च्या एप्रिलमध्ये येथे लोकांसाठी खुला करण्यात आला. तोच १९२५ मध्ये सिडनीला आणि अखेर कॅनबेरा येथील युद्ध-स्मारकात गेला. दुसऱ्या महायुद्धात इमारत ऑस्ट्रेलियाच्या वायुदलाच्या ताब्यात होती. युद्ध संपल्यावर मोडकळीस आलेल्या या वास्तूचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला आणि १९४८ मध्ये ती पाडण्याचा प्रस्ताव मेलबर्न नगरपालिकेत मतदानाला टाकला गेला. थोड्याच मतांच्या फरकाने तो फेटाळला गेला. त्या काळात व्हिक्टोरिया राणीच्या युगातील वास्तू भपकेबाज आणि जुनाट समजल्या जात, त्यामुळे हे मतदान कोणत्या भावनेतून झाले असावे याचा अंदाज करता येतो. वास्तूबद्दलच्या प्रेमापेक्षा तिच्याऐवजी बांधायचे काय आणि पैसा आणायचा कोठून, ही काळजी त्यामागे अधिक असावी.

दरम्यान आणखी एक भाडेकरू आला होता. युरोपातील युद्धोत्तर विस्थापित आणि ब्रिटिश स्थलांतरित यांना काही दिवस उतरता यावे म्हणून प्रदर्शनगृहाच्या आवारात स्वागत-केंद्र उभारण्यात आले आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत ते चालले. जहाजातून उतरलेल्या हजारो कुटुंबांनी ऑस्ट्रेलियातील पहिल्या रात्री या घुमटाच्या सावलीत काढल्या. मेलबर्नची आजची बहुरंगी वस्ती ज्या स्थलांतरातून घडली त्याचा हा एक महत्त्वाचा टप्पा आहे, तरी आवारात आज त्याची भौतिक खूण जवळजवळ शिल्लक नाही.

१९५६ च्या ऑलिंपिकसाठी मेलबर्नने काही नवी क्रीडागृहे बांधली, पण बास्केटबॉल, कुस्ती, भारोत्तोलन आणि आधुनिक पेंटॅथलॉनमधील तलवारबाजी या स्पर्धा जुन्या प्रदर्शनगृहात घेऊन खर्च वाचवला. बास्केटबॉलचा अंतिम सामना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात झाला. भारोत्तोलनातील वजनदार गटाचा निकाल अधिक रंजक आहे. त्या काळी या खेळात तीन प्रकारांनी वजन उचलावे लागे आणि तिन्हींची बेरीज धरली जाई. अमेरिकेचा पॉल अँडरसन तापाने फणफणलेला असताना मंचावर आला. अर्जेंटिनाच्या उंबेर्तो सेल्वेत्तीने ५०० किलोंची बेरीज आधीच गाठली होती, आणि अँडरसनला ती गाठायची तर अखेरच्या प्रकारात १८७.५ किलो उचलणे आवश्यक होते. दोन प्रयत्न फसले आणि तिसरा साधला. बेरीज समसमान झाली, आणि नियमाप्रमाणे ज्याचे शरीर हलके तो विजेता, म्हणून १३७.९ किलो वजनाच्या अँडरसनला १४३.५ किलोंच्या सेल्वेत्तीवर सुवर्णपदक मिळाले. कुस्तीच्या आखाड्याकडे मराठी वाचकाचे लक्ष जाणे साहजिक आहे, कारण कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिल्यानंतरचे हे पहिलेच ऑलिंपिक होते. खाशाबा मात्र या सभागृहात उतरले नाहीत.

त्यानंतरची दोन दशके उतरणीची होती. वाहनांची आणि गृहोपयोगी वस्तूंची व्यापारी प्रदर्शने, विद्यापीठाच्या परीक्षा, नाचगाण्याचे कार्यक्रम यांवर इमारतीचा चरितार्थ चालू होता आणि उद्यानाच्या पश्चिम बाजूला डांबर टाकून गाड्या लावण्याची सोय झाली होती. जोडइमारती एकेक करून जाऊ लागल्या. १९७९ मध्ये भव्य नृत्यगृह पाडले गेले तेव्हा मात्र शहरात मोठा गदारोळ झाला आणि प्रथमच मुख्य इमारतीच्या रक्षणासाठी जनमत संघटित झाले. जुन्या भागाच्या जागी आरशासारख्या काचांचे नवे प्रदर्शन-दालन बांधण्यात आले, ज्याचे उद्घाटन १ ऑक्टोबर १९८० रोजी, शताब्दीच्या दिवशी, राजकन्या अलेक्झांड्रा यांनी केले. त्याच प्रसंगी इमारतीच्या नावामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली. ज्या दालनाचे उद्घाटन करायचे म्हणून राजकन्या आली ते वीस वर्षेही टिकले नाही, आणि दुरुस्तीला पैसा नाही म्हणून जिची हेळसांड होत होती ती शंभर वर्षांची इमारत उरली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

१९९० च्या दशकात चित्र पालटले. यारा नदीच्या दक्षिण काठावर १९९६ मध्ये आधुनिक प्रदर्शन-केंद्र सुरू झाल्याने मोठी व्यापारी प्रदर्शने तिकडे गेली. प्रदर्शनगृहाचा ताबा प्रांताच्या वस्तुसंग्रहालय-संस्थेकडे आला आणि शेजारी २००० साली मेलबर्न वस्तुसंग्रहालय उभे राहिले. रंगांचे अनेक थर खरवडून १९०१ ची सजावट पुन्हा साकारण्यात आली. २००४ मध्ये युनेस्कोने प्रदर्शनगृह आणि कार्लटन उद्यान यांना जागतिक वारसा-स्थळांच्या यादीत घेतले. ऑस्ट्रेलियातील इमारतीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि सिडनीचे ऑपेरा हाऊस त्या यादीत तीन वर्षांनी आले.

या गौरवाबद्दल एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. यादीतील समावेशाचे मुख्य कारण १८८० आणि १८८८ या दोन प्रदर्शनांची साक्षीदार आणि जागतिक प्रदर्शन-चळवळीचा टिकून राहिलेला दुर्मीळ नमुना असणे, हे आहे. जतनाची दिशा साहजिकच त्या काळाकडे वळते: सजावट १९०१ ची, पश्चिमेकडील बाग १८८० च्या आराखड्याबरहुकूम. मत्स्यालय, नृत्यगृह, विधिमंडळाची दालने, स्थलांतरितांचे निवारे हे सारे आधीच पुसले गेले होते, आणि उरल्यासुरल्या खुणांना जपण्यासारखे मूल्य आहे असे त्या वेळी फारसे कोणाला वाटले नाही. ज्या भाडेकरूंच्या पैशांवर इमारत सव्वाशे वर्षे तग धरून राहिली, त्यांचाच मागमूस न ठेवता ती मूळ मालकाच्या थाटात सजवली गेली आहे. हा संकुचितपणा मेलबर्नपुरता मर्यादित नाही, जगभरातील वारसा-जतनात तो आढळतो.

भारतातील दोन उदाहरणे या संदर्भात ताडून पाहता येतात. मुंबईत रीगल चित्रपटगृहाजवळ जॉर्ज विटेट यांनी उभारलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ मध्ये उघडले आणि अनेक दशके सभा, पाश्चात्त्य संगीताच्या मैफिली, विक्री-प्रदर्शने अशा सर्व प्रकारच्या कामांना ते पुरे पडले. पुढे त्याचा वापर घटला आणि बाहेरचे कवच तसेच ठेवून आत अनेक पातळ्यांवर दालने घडवल्यानंतर १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. इमारत जिवंत राहिली, पण सभेचे सभागृह म्हणून असलेली तिची मोकळी जागा गेली. दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवाल या वास्तुविशारदाने आणि महेंद्र राज या अभियंत्याने १९७२ च्या आशियाई व्यापार-मेळ्यासाठी उभारलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ मात्र एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाले. साठ वर्षे पूर्ण झाली नसल्याने ते वारसा-वास्तूच्या व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. मेलबर्नला हीच मोजपट्टी १९३० साली लावली असती तर तेथील प्रदर्शनगृह पन्नाशीचे निघाले असते आणि त्याच्या पाडकामाला कोणतीही तांत्रिक हरकत उरली नसती.

आजघडीला या इमारतीच्या वर्षभराच्या वेळापत्रकात दोन कामांना ठळक स्थान आहे. दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास येथे फुलांचे आणि बागकामाचे मोठे प्रदर्शन भरते, जे सभागृहाबाहेर उद्यानातही पसरते. उरलेल्या काळात मेलबर्न विद्यापीठाच्या आणि शहरातील काही निवडक शाळांच्या परीक्षा येथे होतात. लांबच लांब रांगांमध्ये एकएकटी टेबले मांडून शेकडो विद्यार्थी घुमटाखाली उत्तरपत्रिका लिहितात. २०२१ च्या जनगणनेनुसार बृहन्मेलबर्नमधील परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये भारतात जन्मलेल्यांची संख्या सर्वाधिक आहे, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. ज्या संसदेच्या उद्घाटनासाठी हे सभागृह रंगवले गेले, तिने ज्यांना श्रुतलेखनाच्या परीक्षेत नापास करण्याची तजवीज केली होती, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्याच सभागृहात अभियांत्रिकीचे आणि वैद्यकाचे पेपर सोडवतात.

कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, शहरातील मोठ्या लसीकरण-केंद्रांपैकी एक येथे उघडण्यात आले. १९१९ च्या रुग्णालयाशी असलेले साम्य बहुतेक बातम्यांमध्ये अधोरेखित झाले, पण त्याहून बोलकी गोष्ट अशी की, जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या वास्तूत रुग्णालयीन व्यवस्था उभारताना तिच्या भिंतींना आणि फरशीला धक्का लागू नये म्हणून सारे सामान सुटे आणि परत नेता येण्याजोगे ठेवावे लागते. १९१९ मध्ये अशी चिंता कोणी केली नव्हती. घुमटाच्या ग्रीवेभोवतीचा सज्जा सुमारे शंभर वर्षे बंद होता. दुरुस्तीनंतर २०२२ पासून तो तिकीट काढून पुन्हा पाहता येतो, आणि त्या तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा वास्तूच्या देखभालीला लागतो.